बेगलची तलफ आणि उष्मांकांचा हिशेब



आहाराविषयी बोलणाऱ्या माणसाकडे लोक सामान्यतः दोन प्रकारचे प्रश्न घेऊन येतात. 'काय खावे?' हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर देणे फारसे अवघड नसते. दुसरा प्रश्न मात्र थोड्या संकोचाने, पुष्कळदा निघता निघता विचारला जातो. 'जे खाऊ नका असे सांगितले आहे, नेमके तेच खावेसे वाटते. त्याचे काय करावे?' ह्या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही मंडळी बहुधा उपदेशाचा आश्रय घेतो. मनावर ताबा ठेवा, जिभेचे चोचले पुरवू नका, असे सांगून मोकळे होतो. परंतु उपदेशाने तलफ शमत नाही, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

आज मी ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट पदार्थाच्या आधारे करणार आहे. तो पदार्थ म्हणजे बेगल हा कड्याच्या आकाराचा पाव. पोलंडमधल्या ज्यू लोकांनी तो अमेरिकेत नेला आणि न्यूयॉर्क शहराने त्याला आपलेसे केले. आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही तो काही ठिकाणी मिळू लागला आहे आणि अमेरिकेत शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींना त्याची सवय होते. परंतु बेगल निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे.

न्यूयॉर्कमध्ये माझे काही काळ वास्तव्य होते. तेव्हा ब्रुकलिन भागात आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आयुष्यभर त्यांनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम केले होते. त्यांचे आईवडील पोलंडमधून आलेले. दर रविवारी सकाळी बेगल आणून पत्नीबरोबर खाणे हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. पुढे त्यांचे वजन वाढले, रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी बेगल पूर्णपणे बंद करण्यास सांगितले. त्यांनी तो बंदही केला. सात-आठ आठवडे निघाले. मग एका रविवारी त्यांनी तीन बेगल आणले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याने, एकट्याने खाऊन टाकले. ही हकीगत त्यांनी स्वतःच मला सांगितली. सांगताना त्यांना वजनाची फारशी खंत वाटत नव्हती. आपण ते चोरून खाल्ले, पत्नीला हाकसुद्धा मारली नाही, ह्याची त्यांना लाज वाटत होती.

त्याच वेळी ते आणखी एक वाक्य बोलून गेले. आमच्या लहानपणी बेगल एवढा नव्हता, असे म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामध्ये जेमतेम तीन इंचांचे अंतर दाखवले. माझ्या मते त्यांच्या अडचणीचे उत्तर त्या दोन बोटांमध्येच होते. ते कसे, हे समजण्यासाठी बेगल म्हणजे काय, हे आधी थोडे पाहिले पाहिजे.

गोव्यातील पोदेराकडे मिळणारे कांकण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना बेगलच्या आकाराची कल्पना चटकन येईल. मात्र कांकण कोरडे व कुरकुरीत असते, तर बेगल चिवट आणि भरीव असतो. ह्या चिवटपणाचे कारण त्याच्या कृतीत आहे. ज्या गव्हाच्या पिठात चिकट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, अधिक असते असे पीठ बेगलसाठी घेतात आणि त्यात पाणी कमी घालतात. शंभर भाग पिठाला सुमारे पंचावन्न भाग पाणी, थोडे यीस्ट, मीठ आणि मोड आणलेल्या सातूचा अर्क. ही घट्ट कणीक चांगली मळून तिची कडी वळतात आणि ती रात्रभर थंड जागी ठेवतात. दुसऱ्या दिवशी ही कडी भट्टीत घालण्यापूर्वी उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडतात. बेगलला इतर पावांपासून वेगळे करणारी क्रिया हीच. उकळत्या पाण्यामुळे पृष्ठभागावरील पिष्टमय पदार्थ शिजून त्यांचा एक थर तयार होतो. भट्टीत गेल्यावर हा थर लवकर घट्ट होतो आणि पावाला फार फुगू देत नाही. म्हणून बेगलची साल चकचकीत व चामट होते, आणि आतला गर दाट राहतो. माँट्रियल शहरातील बेगलवाले ह्या पाण्यात मध घालतात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. त्यांचा बेगल न्यूयॉर्कच्या बेगलपेक्षा लहान, गोडसर आणि मोठ्या छिद्राचा असतो.

हा पाव फार जुना आहे. क्राकूव शहरातील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांमध्ये बेगलचा उल्लेख सापडतो. १६८३ साली व्हिएन्नाजवळ तुर्कांचा पराभव करणाऱ्या पोलंडच्या सोबिएस्की राजाच्या सन्मानार्थ, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचा हा पाव प्रथम तयार करण्यात आला, अशी एक आख्यायिका आहे. १६१० सालचा उल्लेख पाहता ती खरी असणे शक्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातील ज्यू लोक मोठ्या संख्येने अमेरिकेस जाऊ लागले. त्यांच्याबरोबर बेगल न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड ह्या दाट वस्तीच्या भागात पोहोचला. तेथील बेगल बनवणाऱ्या कारागिरांची कामगार संघटना त्या शहरात प्रसिद्ध होती. संघटनेची सभासदसंख्या सुमारे तीनशे होती आणि बापाचे काम मुलाकडे जाई. १९५१ सालच्या अखेरीस त्यांचा वाद विकोपाला गेला, तेव्हा शहरात बेगलचा दुष्काळ पडला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले.

ह्या कारागिरांचे बेगल हाताने वळलेले असत आणि आकाराने लहान असत. पुढे डॅनियल थॉम्पसन ह्यांनी बेगल वळण्याचे यंत्र तयार केले. न्यू हेवन येथील लेंडर कुटुंबाने १९६३ साली ते आपल्या कारखान्यात आणले. गोठवलेले बेगल पिशव्यांत भरून देशभर जाऊ लागले आणि ज्यू वस्तीतील हा पाव सर्व अमेरिकेच्या न्याहारीचा पदार्थ झाला. परंतु प्रसाराबरोबर त्याचा आकारही वाढत गेला. चुरशीच्या व्यापारात मोठा नग देणे हा ग्राहक ओढण्याचा सोपा मार्ग असतो, कारण पीठ स्वस्त असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने ह्या शतकाच्या प्रारंभी लोकशिक्षणासाठी एक तुलना प्रसिद्ध केली. वीस वर्षांपूर्वीचा बेगल तीन इंच व्यासाचा होता व त्यात १४० उष्मांक होते. आताचा बेगल सहा इंचांचा असून त्यात ३५० उष्मांक आहेत, असे त्या संस्थेने दाखवून दिले. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी दोन बोटांनी दाखवलेले माप हेच होते.

आता हिशेबाकडे वळू. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने ह्यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे चार, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे नऊ उष्मांक मिळतात. साधा बेगल घेतला तर शंभर ग्रॅममध्ये साधारणपणे २६० ते २७० उष्मांक असतात आणि स्निग्धांश अगदी थोडा असतो. म्हणजे बेगल हा काही तळलेला किंवा तुपाने माखलेला पदार्थ नव्हे. त्याचा दोष असलाच तर दाटपणाचा आहे. फुगलेल्या पावाचा मोठा तुकडा हलका असतो, बेगलचा तेवढाच तुकडा जड असतो, आणि डोळ्याला वजन दिसत नाही. एका मोठ्या बेगलमध्ये साधारण शंभर ग्रॅम पीठ जाते. एका लहान फुलक्याला वीस ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर एक मोठा बेगल म्हणजे पाच फुलके. पाच फुलके ताटात वाढले तर आपण मोजतो. बेगल मात्र एकच दिसतो.

त्यावर जे लावतात त्याचा हिशेब निराळा. न्यूयॉर्कमध्ये बेगल मधोमध आडवा कापून त्यात क्रीम चीज, म्हणजे मलईयुक्त मऊ चीज, भरतात. त्यात तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो आणि शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० उष्मांक असतात. दुकानदार सढळ हाताने साठ ग्रॅम चीज भरतो असे समजू. त्याचे २१० उष्मांक झाले. बेगल आणि चीज मिळून ५६०. एवढे करून ही केवळ न्याहारी असते.

ह्याच्या शेजारी जुन्या पद्धतीची बशी मांडून पाहा. तीन इंची बेगल, १४० उष्मांक. पंधरा ग्रॅम चीज, पन्नास-बावन्न उष्मांक. मीठ मुरवलेल्या किंवा धुरावलेल्या सॅमन माशाचे तीस ग्रॅम पातळ काप, सुमारे ३५ उष्मांक. कांद्याच्या दोन चकत्या आणि टोमॅटोची एक फोड, ह्यांचे उष्मांक नगण्य. एकूण बेरीज २३० च्या आसपास, म्हणजे पहिल्या बशीच्या निम्म्याहूनही कमी. ह्या दुसऱ्या बशीत बेगलचे कोणतेही अंग वगळलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साल आहे, चिवटपणा आहे, चीज आहे, मासाही आहे. उणे झाले आहे ते केवळ परिमाण.

येथे असा आक्षेप येईल की, परिमाण कमी केले तर तलफ भागणार कशी? म्हणून तलफ म्हणजे काय, ते तपासले पाहिजे. बेगल हवासा वाटतो, तेव्हा माणसाला नेमके काय हवे असते? माझ्या अनुभवाने त्यात चार गोष्टी असतात. पहिली, दातांना होणारा विरोध: साल तुटताना लागणारा जोर आणि नंतर बराच वेळ चावत राहणे. दुसरी, भाजलेल्या सालीचा, सातूच्या अर्काचा आणि वर लावलेल्या तीळ, खसखस, कांदा, लसूण ह्यांचा वास. तिसरी, थंड, आंबूस चीज आणि गरम पाव ह्यांचा एकत्र स्पर्श. चौथी, प्रसंग: रविवारची सकाळ, वर्तमानपत्र, समोर बसलेले माणूस. ह्या चारही गोष्टींना मोठा नग लागत नाही.

ह्याला शास्त्रीय आधारही आहे. एखादा पदार्थ खात असताना त्याच पदार्थाविषयीची गोडी घासागणिक कमी होत जाते, दुसऱ्या पदार्थांविषयीची मात्र तितकी होत नाही, असे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवले. ह्याचा अर्थ असा की, आनंदाचा मोठा वाटा पहिल्या काही घासांत असतो. मग उरलेला बेगल आपण का संपवतो? तो पुढे आहे म्हणून. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांसमोर फुकट खाऊ ठेवला होता. त्यात प्रेट्झेल, म्हणजे बेगलचाच एक दूरचा भाऊ, कधी अख्खा तर कधी अर्धा कापून ठेवला. अख्खे ठेवले तेव्हा लोकांनी एकंदर अधिक खाल्ले. 'एक नग' म्हणजेच योग्य प्रमाण, असे माणसाचे मन धरून चालते. तो नग किती मोठा आहे, हे ते पाहत नाही. बेगल तीन इंचांचा होता तेव्हा ह्या प्रवृत्तीने कोणाचे नुकसान झाले नाही. तो सहा इंचांचा झाल्यावर तीच प्रवृत्ती अंगाशी आली.

आता प्रत्यक्ष उपायांकडे येतो. ह्यातील काही चांगले आहेत, काही मध्यम, आणि काही नावापुरते आहेत.

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे नग लहान करणे. बाजारात लहान बेगल मिळत असतील तर ते घ्यावेत. मोठेच मिळत असतील, तर आणल्याबरोबर आडवे कापून प्रत्येक अर्ध वेगळे गुंडाळावे आणि शीतकपाटाच्या गोठवण्याच्या कप्प्यात ठेवावे. बेगलमध्ये तूप-तेल नसल्यामुळे तो लवकर शिळा होतो, आणि शिळा होईल ह्या भीतीने तो त्याच दिवशी संपवला जातो. गोठवल्याने ही भीती उरत नाही. हवा तेव्हा एकच अर्ध काढून सरळ भाजून घ्यावे. साल पुन्हा कुरकुरीत होते. एका अर्धाचे उष्मांक सुमारे १७५ भरतात. कापण्याचे काम खाण्याच्या वेळी न करता आणतानाच करावे, हे महत्त्वाचे. भूक लागलेल्या माणसाच्या हातातील सुरी न्यायी नसते.

दुसरा उपाय वर लावण्याच्या पदार्थासंबंधी आहे. क्रीम चीजच्या जागी पाणी निथळलेले, साय काढलेल्या दुधाचे दही, म्हणजे आपल्याकडील चक्का, घेतला तर शंभर ग्रॅममागचे उष्मांक ३५० वरून साठ-सत्तरपर्यंत उतरतात. त्याचा आंबूसपणा क्रीम चीजच्या जवळ जातो. मात्र जिभेवर पसरणारा स्निग्धपणा येत नाही. म्हणून मी दोन भाग चक्का आणि एक भाग क्रीम चीज एकत्र घोटण्यास सांगतो. त्यात कांद्याची पात, मिरपूड किंवा शेपू बारीक चिरून घालावी. ह्या मिश्रणात शंभर ग्रॅममागे सुमारे १६० उष्मांक भरतात, म्हणजे मूळच्या निम्म्याहून कमी, आणि स्वाद बहुतेक सर्व टिकतो.

तिसरा उपाय न्यूयॉर्कमधील दुकानांत नेहमी दिसतो. ग्राहक बेगलचा आतला गर काढून टाकण्यास सांगतात आणि नुसती साल घेतात. साल हाच बेगलचा प्राण आहे असे मानणाऱ्यांना हे पटेल. पस्तीस-चाळीस ग्रॅम गर निघाला तर सुमारे शंभर उष्मांक वाचतात. परंतु गर काढल्याने जी पन्हळ होते, ती दुकानदार चीजने भरतो. तीस ग्रॅम चीज अधिक गेले की वाचवलेले शंभर उष्मांक परत आले. शिवाय अन्न टाकून द्यावे लागते, ते मला बरे वाटत नाही. ज्या पावासाठी एकेकाळी गरिबांच्या मुलांनी वाट पाहिली, त्याचा गर टोपलीत टाकण्यापेक्षा लहान पाव घेणे शहाणपणाचे.

चौथा उपाय घरी करण्याचा आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार अलीकडे अमेरिकेत वजन कमी करू पाहणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाला आहे. त्यात यीस्ट नसते. १२० ग्रॅम मैदा, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि सव्वादोनशे ग्रॅम साय काढलेल्या दुधाचा चक्का एकत्र मळून चार कडी वळतात, वर अंड्याचा पांढरा बलक लावून तीळ पेरतात, आणि १९० अंश सेल्सियसवर सुमारे पंचवीस मिनिटे भाजतात. मैद्याचे ४३० आणि चक्क्याचे १३५ धरून प्रत्येकी १४० च्या जवळपास उष्मांक होतात, आणि प्रथिनेही बरी मिळतात. अर्ध्या तासात तयार होणारा हा पदार्थ मऊ आणि रुचकर असतो. पण तो उकळलेला नसतो आणि त्यात ग्लुटेनचे जाळे नीट तयार होत नाही. त्यामुळे दातांना हवा असलेला विरोध त्यात मिळत नाही. ज्याला बेगलचा आकार व वरचा मसाला आवडतो, त्याचे समाधान होईल. ज्याला चिवटपणा हवा, तो हे चारही खाऊन पुन्हा दुकानाकडे जाईल.

त्याच्यासाठी दुसरा प्रकार आहे, तो म्हणजे खरा बेगल जुन्या मापाने घरी करणे. दोनशे ग्रॅम पीठ, एकशेदहा ग्रॅम पाणी, थोडे यीस्ट आणि मीठ. चांगली दहा मिनिटे मळलेली कणीक. तिचे पाच गोळे करावेत, म्हणजे एका बेगलला चाळीस ग्रॅम पीठ पडते. कडी वळून रात्रभर थंडीत ठेवावीत, सकाळी मिनिटभर उकळावीत आणि खूप तापलेल्या भट्टीत भाजावीत. प्रत्येकाचे उष्मांक सुमारे १४५ होतात. चक्क्याच्या बेगलचे उष्मांकही जवळजवळ एवढेच होते. मग नक्कल खाण्याचे कारण काय? वेळ वाचतो, एवढेच. कमी उष्मांकांचा बेगल शोधत आपण दूरवर जातो. तो जुन्या कारागिरांच्या पाटावर आधीच तयार होता.

पाचवा उपाय पाव बाजूला ठेवून त्याचे सोबती तेवढे घेण्याचा आहे. तीळ, खसखस, सुका कांदा, सुका लसूण आणि जाड मीठ ह्यांचे जे मिश्रण बेगलवर लावतात, ते काकडीच्या चकत्यांवर, उकडलेल्या अंड्यावर किंवा चक्क्यावर भुरभुरावे. वासाची ओढ ह्याने पुष्कळशी भागते. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी हा उपाय चांगला. रविवारी मात्र त्याने कोणाला फसवू नये.

काही उपाय नावापुरते आहेत, असे मी म्हटले. बदामाचे पीठ आणि चीज ह्यांचे केलेले बेगल पिष्टमय पदार्थ टाळणाऱ्यांसाठी असतात. त्यांत पिष्ट कमी असते हे खरे. पण बदामाच्या पिठात शंभर ग्रॅममागे सहाशेच्या जवळ उष्मांक असतात. पिष्ट कमी म्हणजे उष्मांक कमी, असे नव्हे. तसेच संपूर्ण गव्हाचा किंवा अनेक धान्यांचा बेगल. त्यात तंतुमय भाग अधिक असतो, तो हितकर आहे, परंतु उष्मांक जवळजवळ तेवढेच असतात. तपकिरी रंग पाहून दोन खाल्ले तर हिशेब चुकलाच.

आता एक प्रश्न राहतो, तो पोट भरण्याचा. लहान बेगल खाल्ला, मन तृप्त झाले, आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागली, तर काय उपयोग? ह्या संबंधात बेगलवरच झालेला एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. वजन अधिक असलेल्या स्त्रियांना एका दिवशी अंड्यांची आणि दुसऱ्या एका दिवशी तितक्याच उष्मांकांची बेगलची न्याहारी देण्यात आली. अंडी खाल्लेल्या दिवशी भूक कमी लागली आणि दुपारचे जेवणही कमी गेले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी एक निखिल धुरंधर हे मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेतलेले आणि तेथेच लठ्ठपणावरील संशोधनाला आरंभ केलेले शास्त्रज्ञ आहेत. २००८ साली त्याच गटाने आठ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी उष्मांकांच्या आहाराबरोबर अंड्यांची न्याहारी घेणाऱ्यांचे वजन बेगल घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटले. परंतु ज्यांनी एकंदर आहार कमी केला नव्हता, त्यांना अंड्यांचा असा काही लाभ झाला नाही. ह्या संशोधनाला अमेरिकेतील अंडे-व्यवसायाचे अर्थसाहाय्य होते, हेही सांगितले पाहिजे. तरीही त्यातून घेण्याजोगा बोध सरळ आहे. बेगल आणि अंडे ह्यांत भांडण लावण्याचे कारण नाही. लहान किंवा अर्ध्या बेगलवर एक उकडलेले अंडे कापून ठेवावे, बाजूला काकडी-टोमॅटो घ्यावा. अंड्याचे सत्तर-पंचाहत्तर उष्मांक वाढतात, पण दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. शाकाहारी माणसाने चक्क्याचे प्रमाण वाढवावे किंवा थोडे पनीर घ्यावे.

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. मधुमेह असलेल्यांनी बेगल हा प्रामुख्याने मैदा आहे हे विसरू नये. त्यांनी त्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि तो ज्या दिवशी खातील त्या दिवशी दुसरे पिष्टमय अन्न तेवढे कमी करावे. रक्तदाब असलेल्यांनी उष्मांकांपेक्षा मिठाकडे पाहावे. बेगलमध्ये मीठ असते, मसाल्यात असते, आणि मुरवलेल्या माशात तर पुष्कळच असते.

आमच्या शेजारच्या गृहस्थांना मी ह्यांपैकी फार थोडे सांगितले. एवढेच म्हटले की, तुम्ही दोन बोटांनी दाखवलेत तेवढाच आणा, आणि आणाल तो दोघांसाठी आणा. लहान बेगल जवळपास मिळेना, तेव्हा त्यांनी मोठा एकच आणण्यास सुरुवात केली. तो घरी येताच कापला जाई. एक अर्ध त्यांच्या बशीत, दुसरे पत्नीच्या. रक्तदाबामुळे मासा बंद झाला, कांदा आणि टोमॅटो राहिले. त्यांचे वजन किती उतरले, हे मी सांगू शकत नाही. त्यापूर्वीच मी ते शहर सोडले. परंतु उभ्याउभ्याने, एकट्याने खाणे थांबले होते, एवढे मी पाहिले.

आहारशास्त्राने माणसाला त्याच्या अन्नापासून तोडू नये, असे मला वाटते. आईवडिलांनी समुद्रापलीकडून बरोबर आणलेला पाव एका चिठ्ठीने बंद करता येतो. पण ती ओढ बंद होत नाही, ती केवळ लपते. आणि लपून खाल्लेले अन्न मोजले जात नाही. पथ्य सांगणाऱ्याने पदार्थ काढून घेण्यापूर्वी तो पदार्थ पूर्वी केवढा होता, हे एकदा विचारावे. पुष्कळ वेळा असे आढळेल की, दोष पदार्थाचा नसून त्याच्या वाढलेल्या मापाचा आहे, आणि ते माप पुन्हा लहान करणे आपल्या हातात आहे.